स्पॅनिश घरातल्या लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचंय? नव्या ट्यूटरसाठी पायरी पायरीने

अमेरिकेत शाळेत किंवा पब्लिक लायब्ररीत व्हॉलंटियर ट्यूटर म्हणून नाव दिलंत तर समोर येणारं मूल स्पॅनिश घरातलं असण्याची शक्यता खूप, कारण तिथल्या सरकारी शाळांत ज्या मुलांची 'इंग्लिश लर्नर' म्हणून नोंद असते त्यातल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांच्या घरी स्पॅनिशच बोलतात. मी इथे लिहितेय ते किंडरगार्टन ते तिसरीपर्यंतच्या मुलांबद्दल. तुम्हाला स्पॅनिश बोलता येत नसेल तरी चालेल, पण स्पॅनिश लिहितात आणि वाचतात कशी एवढं मात्र माहीत असायलाच हवं, आणि ते दोन-चार संध्याकाळी बसलं तर होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मूल मोठ्याने वाचतंय आणि आपल्याला वाटतं "चुकलं", तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, अक्षरं जोडून शब्द लावता आला नाही. दोन, शब्द बरोबर लावला पण तोंडातून स्पॅनिश वळणाने बाहेर पडला. तीन, शब्द अगदी स्वच्छ म्हटला पण त्याचा अर्थच माहीत नाही. या तिन्हीवरचे उपाय वेगळे आहेत आणि नवे ट्यूटर बहुतेक वेळा दुसरीलाच पहिली समजून बसतात, मग ज्या पोराला वाचता येतंय त्यालाच परत परत तोच शब्द म्हणायला लावतात, आणि दोन महिन्यांत ते पोर तोंड उघडेनासं होतं. खालच्या सगळ्या पायऱ्या हे तीन वेगळे कसे काढायचे याच्यासाठीच आहेत.

पायरी 1: नाव देणं आणि शाळेशी बोलणं

बहुतेक ठिकाणी बॅकग्राउंड चेक असतो, काही ठिकाणी बोटांचे ठसेही घेतात, नियम स्कूल डिस्ट्रिक्टप्रमाणे (त्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी संस्था) बदलतात म्हणून ऑफिसातच विचारा. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, उघड्या जागी बसायचं. आणि घरच्यांना पेपर्स, व्हिसा, कधी आलात, कसे आलात यातलं काहीही विचारायचं नाही, सहज गप्पांतसुद्धा नाही. 1982 च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलंय की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, आणि त्याआधी 1974 मध्ये लाउ विरुद्ध निकोल्समध्ये हेही सांगितलंय की ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना सगळ्यांसारखीच पुस्तकं देऊन बसवलं म्हणजे समान शिक्षण झालं असं होत नाही. (हा दुसरा खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या बाजूने होता, पण त्याचा फायदा आज स्पॅनिश मुलांनाही मिळतो.)

वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात गाठा. वर्गात फोनिक्स (कोणत्या अक्षराचा कोणता आवाज हे शिकवून वाचायला लावणं) कुठपर्यंत आलंय, कोणते आवाज झालेत, हे विचारा आणि त्याच क्रमाने जा. वर्गात एक आणि तुमच्याकडे दुसरंच असं झालं तर मुलाची पंचाईत होते.

अजून एक विचारून ठेवा, घरची भाषा खरंच स्पॅनिश आहे ना. ग्वाटेमालाहून आलेल्या कित्येक घरांत माम किंवा किचेसारख्या माया भाषा बोलतात, मेक्सिकोच्या ओआहाकाकडच्या घरांत मिश्तेको असू शकते, आणि शाळेच्या फॉर्मवर मात्र सरळ 'स्पॅनिश' लिहिलेलं असतं. अशा मुलाची इंग्रजी ही तिसरी भाषा आहे, त्याच्याकडून स्पॅनिशच्या आधाराची फार अपेक्षा करायची नाही.

पायरी 2: पहिली भेट, आधी नाव मग पुस्तक

नाव बरोबर म्हणायला शिका. जे-ने सुरू होणारा 'होर्हे' म्हणजे जॉर्ज नाही, 'हेसूस'ला जीझस करू नका, आणि एच-ने सुरू होणारा 'उगो' असेल तर त्याला ह्यूगो म्हणायचं की उगो हे त्यालाच विचारा. आपल्याकडच्या पोरांची नावं परदेशात कशी मोडतात हे आपण बघतोच, तेव्हा हे जास्त सांगायला नको.

मग लगेच इंग्रजी पुस्तक काढू नका. साधं स्पॅनिश चित्रपुस्तक पुढे ठेवा, लायब्ररीत मुलांच्या सेक्शनमध्ये मिळतं, आणि "लेए, पोर फावोर" म्हणजे "वाच, प्लीज" असं म्हणा. तुम्हाला एक शब्द कळला नाही तरी मूल अडखळतंय की सरळ जातंय हे कानाला कळतंच. जे मूल स्पॅनिश वाचतं त्याला वाचन म्हणजे काय हे आधीच समजलेलं असतं, डावीकडून उजवीकडे जायचं, अक्षराला आवाज असतो, आवाज जोडले की शब्द होतो, हे सगळं इंग्रजीत आयतं कामाला येतं, परत शिकवावं लागत नाही. 2006 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लिटरसी पॅनेलचा जो अहवाल आला त्यातही हेच आहे, पहिल्या भाषेतलं वाचन दुसऱ्या भाषेतल्या वाचनाला हात देतं. जे मूल स्पॅनिशही वाचत नाही (अमेरिकेत जन्मलेली खूप मुलं फक्त स्पॅनिश बोलतात, वाचायला कुणी शिकवलेलं नसतं) त्याच्यासोबत मात्र अगदी आवाजांपासून सुरू करायचं. म्हणजे ही दोन मुलं एकाच वयाची, एकाच वर्गातली असली तरी तुमचा प्लॅन पूर्ण वेगळा.

पायरी 3: तुम्ही स्वतः स्पॅनिश अक्षरं शिकून घ्या

यावर थोडा वेळ घालवा, सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. स्पॅनिशमध्ये 27 अक्षरं आणि स्वर फक्त पाच, आ ए इ ओ उ, आणि ते कुठल्याही शब्दात गेले तरी बदलत नाहीत. तिथली मुलं मा-मे-मी-मो-मू, पा-पे-पी-पो-पू अशी वाचायला शिकतात, म्हणजे आपली बाराखडीच झाली, त्यामुळे मराठी माणसाला हे मूल कसं विचार करतंय ते चटकन समजतं. आणि मग त्याच्यापुढे इंग्रजी येते, जिच्यात अक्षरं 26, आवाज साधारण 44, आणि एकटे स्वरांचेच आवाज पंधराच्या आसपास.

आता गल्लत कुठे होते बघा. तुम्ही इंग्रजी 'ई' म्हणालात की स्पॅनिश मूल आय हे अक्षर लिहितं, कारण त्याच्या भाषेत त्या अक्षराचं नावच 'इ' आहे. तुम्ही 'ए' म्हणालात की ते ई हे अक्षर लिहितं, त्याच कारणाने. म्हणून सुरुवातीला अक्षरांची नावं म्हणण्यापेक्षा अक्षर बोटाने दाखवा आणि त्याचा आवाज म्हणा.

एम, पी, टी, एस, एल, एन, एफ, डी आणि सी-एचचा 'च', हे जवळजवळ तसेच चालतात, सुरुवात यांच्यापासून करा म्हणजे पहिल्याच दिवशी मूल काहीतरी वाचून उठतं. अडचणीचे वेगळे आहेत. एच स्पॅनिशमध्ये मुका, म्हणून हॅटचं ॲट होतं. जे म्हणजे घशातला ह, म्हणून जॅमचं हॅम होतं. दोन एल म्हणजे य, म्हणून येलोचं 'येयो' होऊ शकतं. व्ही आणि बी दोघांचा आवाज एकच. झेडचा आवाज स, त्यामुळे झूचं सू. आणि एस-एचचा श बहुतेक ठिकाणच्या स्पॅनिशमध्ये नाहीच, म्हणून शिपचं चिप आणि वॉशचं वॉच. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढे मुलाची प्रत्येक चूक या यादीला लावून बघायची आहे.

पायरी 4: कानाने आधी, डोळ्याने नंतर

हॅट, हट, हॉट हे तीन शब्द स्पॅनिश कानाला एकसारखेच ऐकू येतात, कारण त्या सगळ्या जागी त्याच्याकडे एकच 'आ' आहे. तसंच शिप आणि शीप. जो फरक कानालाच कळत नाही तो कागदावर दाखवून उपयोग नाही, मूल पाठ करेल आणि विसरेल.

म्हणून दोन चित्रं ठेवा, एक जहाज एक मेंढी, तुम्ही शब्द म्हणा आणि मूल चित्राला हात लावेल, बस. मुलाने बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. दहापैकी आठ-नऊ वेळा बरोबर यायला लागलं की मग त्याला म्हणायला सांगा आणि चित्र तुम्ही ओळखा, मग शेवटी स्पेलिंग. तुमचे स्वतःचे उच्चार मराठी वळणाचे असतील, व्ही आणि डब्ल्यूमध्ये फरक होत नसेल, टी-एचचा सरळ 'थ' येत असेल, तर तेवढ्या आवाजांना शिक्षिकेचं किंवा चांगल्या ॲपचं रेकॉर्डिंग वापरा. मुलाला तिथला आवाज ऐकायला मिळणं महत्त्वाचं.

एस जोडाक्षरांचं पण इथेच करून टाका. स्पॅनिशमध्ये एस आणि त्याला लागून दुसरं व्यंजन असं शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, पुढे ए लागतोच, एस्कुएला, एस्त्रेया, म्हणून स्कूलचं एस्कूल होतं. "ए काढ" म्हणून ते निघत नाही. सापासारखा लांब स्स्स्स म्हणायला लावा आणि त्याच श्वासात 'कूल' जोडायचं, हळूहळू स्स्स्स छोटा करत न्यायचा.

पायरी 5: सायलेंट ई आणि शब्दांची शेपटं

स्पॅनिशमध्ये लिहिलंय ते बहुतेक सगळं म्हणायचं असतं, एच सोडलं आणि क्यू-जी नंतरचा काही ठिकाणचा यू सोडला तर. त्यामुळे शेवटी उभा असलेला आणि काहीच न बोलणारा ई मुलाला पटतच नाही. एम-ए-के-ई समोर आलं की ते 'माके' वाचतं, टी-आय-एम-ई आलं की 'तिमे'. हे बघून घाबरू नका, उलट हे मूल व्यवस्थित अक्षर लावून वाचतंय, फक्त नियम त्याच्या भाषेतले आहेत. एक कार्ड घ्या, त्यावर के-आय-टी लिहा, 'किट' वाचून घ्या, मग शेवटी ई असलेलं छोटं कार्ड बाजूला सरकवा आणि 'काइट' तुम्ही म्हणून दाखवा, पतंगाचं चित्र ठेवा. मग कॅप-केप, पिन-पाइन, हॉप-होप. ई लावायचा काढायचा, लावायचा काढायचा, हे मुलाच्या हाताने होऊ द्या. हे एका दिवसात होणारं नाही, काही आठवडे रोज पाच मिनिटं द्यावी लागतात.

शब्दांच्या शेवटाचं वेगळं. स्पॅनिश शब्द स्वरावर संपतात नाहीतर एन, एस, आर, एल, डी असल्या थोड्याच व्यंजनांवर, दोन-तीन व्यंजनं एकत्र शेवटी येत नाहीत. म्हणून कोल्डचं 'कोल', बेस्टचं 'बेस'. आणि यातूनच मोठा प्रश्न येतो तो भूतकाळाच्या ई-डीचा. मूल "शी वॉक होम" वाचतं, पुस्तकात "शी वॉक्ट होम" आहे. आता हे उच्चाराचं आहे की वाचनाचं की अर्थाचं? थांबवू नका, वाक्य संपू द्या आणि मग विचारा, "हे आत्ता चाललंय, रोज होतं, की होऊन गेलं?" होऊन गेलं म्हणालं तर त्याने ई-डी पाहिलाय आणि समजलाय, फक्त जिभेवर आलेला नाही, पुढे जा. गोंधळलं तर मात्र तिथेच थांबून ई-डी वर बोट ठेवा, आणि त्याचे तीन आवाज शिकवायला घ्या, जम्प्टमधला ट, प्लेडमधला ड आणि वॉन्टेडमधला इड. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तर तुमचं निम्मं काम सोपं होतं, बाकी कुठे नाही तरी इथे माझं ऐका.

पायरी 6: एक तास नको, तीस-चाळीस मिनिटं कशी घालवायची

लहान मुलं दिवसभर परक्या भाषेत ऐकून आधीच थकलेली असतात. पहिली पाच मिनिटं कालचे आवाज आणि कार्डं. मग दहा मिनिटं एकच नवीन गोष्ट. मग त्याच आवाजांचं छोटं डिकोडेबल पुस्तक, म्हणजे ज्यात शिकवलेलेच आवाज येतात असं, मुलाने दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा जरा वेगाने. मग दोन-तीन शब्द आणि एक वाक्य डिक्टेशन. आणि शेवटची दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवायचं, त्याला स्वतःला झेपणार नाही असं छान पुस्तक, गप्पा मारत. हा शेवटचा भाग वेळ नाही म्हणून कधीही गाळू नका, कारण डिकोडेबल पुस्तकांत भाषा फारच पातळ असते आणि या मुलांना शब्दांची भूक जास्त आहे.

डिक्टेशनकडे नीट बघा. मुलाने लाइक लिहिताना एल-ए-आय-के लिहिलं, हाउस लिहिताना जे-ए-यू-एस लिहिलं, तर स्पॅनिश नियमाने दोन्ही अगदी बरोबर आहेत, आवाज त्याला पूर्ण ऐकू आलेत आणि त्याने एकही सोडलेला नाही. आधी तेच सांगा, "सगळे आवाज पकडलेस", मग "इंग्रजीत हा आवाज असा लिहितात" म्हणून शेजारी लिहून दाखवा. लाल पेनाने काट मारायची गरज नाही.

पायरी 7: शब्दांचे अर्थ, मित्र आणि फसवे मित्र

फॅमिली-फामिलिया, ॲनिमल-आनिमाल, इम्पॉर्टंट-इम्पोर्तांते, असे हजारो शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात. शेवटी शन असलेले कित्येक इंग्रजी शब्द स्पॅनिशमध्ये 'सिओन' होतात, नेशन-नासिओन, आणि शेवटी टी-वाय असलेले 'दाद', युनिव्हर्सिटी-उनिव्हेर्सिदाद. पण मुलांच्या ते आपोआप लक्षात येत नाही, कारण उच्चार खूप वेगळे असतात, कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवावं लागतं. गंमत म्हणजे शाळेतले 'अवघड' शब्द, सायन्सचे वगैरे, यातच जास्त असतात, तर गेट, पुट, विथ असले छोटे शब्द कशाशीच जुळत नाहीत आणि तेच या मुलांना जड जातात.

काही शब्द तर स्पेलिंगने हुबेहूब एकच आणि अर्थाने लांब. ओ-एन-सी-ई म्हणजे स्पॅनिशमध्ये 'ओन्से', अकरा. पी-आय-ई म्हणजे पाऊल. आर-ई-डी म्हणजे जाळं. सी-ओ-एम-ई म्हणजे खातो. एस-आय-एन म्हणजे शिवाय. गोष्टीच्या पहिल्याच ओळीत 'वन्स' आलं आणि मूल 'ओन्से' वाचून गोंधळलं तर कारण हे असतं. पुस्तक देण्याआधी पानं चाळून असे शब्द हेरून ठेवा.

वाक्यातल्या दोन-तीन गोष्टीही आधीच सांगून टाका. स्पॅनिशमध्ये 'सू' म्हणजे हिज, हर, देअर सगळंच, त्यामुळे "हर डॉग" वाचून कुत्रा कुणाचा हे मुलाला कळलेलं नसतं, विचारून बघा. प्रश्नचिन्ह तिकडे वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं असतं, इंग्रजीत ते शेवटी भेटतं, म्हणून मूल प्रश्न सपाट वाचतं. आणि स्पॅनिश गोष्टींत संवाद बहुतेक वेळा लांब रेघेने सुरू होतो, अवतरणचिन्हं म्हणजे कुणीतरी बोलतंय हे दाखवून द्यावं लागतं.

पायरी 8: समजलंय का हे स्पॅनिशमध्ये सांगू द्या

वाचून झाल्यावर इंग्रजीत उत्तर आलं नाही म्हणजे कळलं नाही असं नाही. "के पासो?" विचारा, काय झालं, आणि त्याला स्पॅनिशमध्ये सांगू द्या. तुम्हाला सगळं कळणार नाही, पण चित्रावर बोट ठेवत सांग म्हटलं की पुरेसं कळतं, नाहीतर चित्रं क्रमाने लावायला द्या. नवीन आलेलं मूल काही महिने जवळजवळ बोलतच नाही असंही होतं, त्या काळात ऐकणं चालूच असतं, जबरदस्ती करू नका. उलट टोकाचं मूलही भेटेल, खेळाच्या मैदानात फाडफाड इंग्रजी बोलणारं आणि पुस्तकापुढे गप्प. दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये हाच फरक मांडला, गप्पांची भाषा एक-दोन वर्षांत येते पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. त्यामुळे "हा बोलतो तर छान, मग वाचत का नाही, आळशी आहे" असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

पायरी 9: घरच्यांना काय सांगायचं

"घरी इंग्रजीच बोला" हे सांगू नका. कृपा करून नका सांगू. आई-वडिलांची इंग्रजी मोडकी असेल तर घरातलं बोलणंच कमी होतं, गोष्टी बंद होतात, आजी-आजोबांशी तर संपर्कच तुटतो. त्यांना सांगा की स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगा, स्पॅनिश पुस्तकं वाचा, दुकानात नेलं की लेबलं वाचून घ्या, त्याचा इंग्रजीला फायदाच आहे. आई किंवा बाबांना स्वतःला वाचता येत नसेल तर चित्रं बघून गोष्ट सांगितली तरी चालते, हे मुद्दाम सांगा कारण ते स्वतःहून विचारणार नाहीत. लायब्ररी कार्ड फुकट असतं हेही पुष्कळांना माहीत नसतं. 30 एप्रिलच्या आसपास बऱ्याच लायब्रऱ्यांत मुलांचा आणि पुस्तकांचा 'दिया' (स्पॅनिशमध्ये दिवस) साजरा करतात, लेखिका पॅट मोरा यांनी 1996 मध्ये सुरू केलेला, दोन्ही भाषांतली पुस्तकं असतात, अख्ख्या घराला घेऊन जायला चांगला मोका.

पायरी 10: शिक्षिकेला कधी कळवायचं

शिपचं चिप होतंय, ई-डी गळतोय, यासाठी कुणाला कळवायची गरज नाही. पण मूल स्पॅनिशमध्येही यमक ओळखत नसेल, ओळखीचं अक्षर आठवड्यामागून आठवडे विसरत असेल, स्पॅनिशमध्ये बोलतानाही शब्द सापडत नसतील, तर तो भाषेचा प्रश्न नसावा. "अजून इंग्रजी येत नाही ना, येईल" म्हणत अशा मुलांची वर्षं जातात, आणि दुसरीकडे ज्यांना फक्त वेळ हवाय त्यांना स्पेशल एज्युकेशनमध्ये पाठवतात, दोन्ही वाईट. डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचण्यातली जन्मजात अडचण) आहे का हे ठरवणं ट्यूटरचं काम नाही. तुमचं काम लिहून ठेवणं. प्रत्येक भेटीनंतर दोन ओळी, तारीख, कोणता शब्द, मुलाने काय वाचलं, विचारल्यावर अर्थ काय सांगितला, स्पॅनिशमध्ये तीच गोष्ट जमली का. सहा-आठ आठवड्यांच्या अशा नोंदी शिक्षिकेच्या हातात दिल्या आणि "दोन्ही भाषांत अडतंय असं दिसतंय, स्पॅनिशमध्येही तपासणी होऊ शकेल का" असं सरळ विचारलं तर त्यांना पुढे हालचाल करायला काहीतरी हातात मिळतं. तपासणी मागण्याचा हक्क पालकांना आहे, लेखी अर्ज द्यायचा असतो, आणि तो स्पॅनिशमध्ये दिला तरी चालतो.